अचलपूरचा डास, उलव्याचे पाणी

नवी मुंबईतल्या उलव्यात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाची पहिली तक्रार बहुधा डासांची असते आणि दोष लगेच खाडीवर ढकलला जातो. गॅलरीतून तिवरांची हिरवी पट्टी दिसते, भरतीचे पाणी खाजणात शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. डास तिथूनच येत असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. मग सोसायटीच्या सभेत तिवरे तोडा, खाजण बुजवा अशी मागणी होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ साली कांदळवनाला संरक्षण दिलेले असल्यामुळे ती मागणी सहसा पुढे सरकत नाही, पण मनातला समज तसाच राहतो. तो दूर व्हायला हवा, कारण त्याची किंमत तापाने फणफणणारी माणसे मोजतात. मुंबईपासून पनवेलपर्यंतच्या शहरी पट्ट्यात हिवताप पसरवणारा मुख्य डास प्रामुख्याने आपणच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गच्चीवरची झाकण सरकलेली टाकी, बांधकामावरचा सिमेंटचा हौद, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी, स्लॅबवर वाफे करून सोडलेले पाणी, मजुरांच्या खोपटांपुढची पिंपे ही त्याची घरे आहेत. त्याचे शास्त्रीय नाव अनॉफिलीस स्टीफेन्सी.

या पुस्तकाचा विषय ही एकच जात आहे. ती कशी ओळखायची, तिला नाव कसे मिळाले, तिची पोटरूपे कोणती, ती मुळात कुठे होती आणि आज कुठवर पोहोचली आहे, एवढेच यात आहे. एका डासासाठी इतकी पाने कशाला, असा प्रश्न कुणी विचारला तर माझे उत्तर असे, की हिवतापाविरुद्धची आपली निम्मी ताकद चुकीच्या पाण्यावर खर्च होते. कोणता डास, हे आधी ठरवल्याशिवाय कोणत्या पाण्यात हात घालायचा ते ठरत नाही.

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत, भारतात चारशेच्या वर. उलव्यासारख्या ठिकाणी खाडीपासून गृहसंकुलापर्यंत चालत गेले, तरी पाण्यामागून पाणी बदलत जाते आणि प्रत्येक पाण्यात राहू शकणारे डास वेगळे. तिवरांच्या मुळाशी आणि भरती ओसरल्यावर मागे राहिलेल्या मचूळ डबक्यांत वाढणाऱ्या जातींत क्युलेक्स सिटिअन्स ही किनारपट्टीवरची ठळक जात. ती चावते, संध्याकाळ नकोशी करते, पण माणसाचा हिवताप वाहून नेत नाही. शिवाय जिथे भरती-ओहोटीचे पाणी दिवसातून दोनदा मोकळेपणाने खेळते, तिथे निवटे आणि लहान मासे अळ्या शिल्लक राहू देत नाहीत. खाजणातले डास वाढतात ते भराव टाकून किंवा राडारोडा लोटून पाण्याची ये-जा अडवल्यावर. म्हणजे डासांवरचा उपाय म्हणून जे सुचवले जाते, तेच अनेकदा डासांचे कारण असते.

खाजणाच्या आत आले की बांध आणि उघाड्यांनी राखलेली खारजमीन लागते, म्हणजे जिथे भात अजून होतो तिथवर. खाचरात अनॉफिलीस सबपिक्टस आढळतो, मचूळ पाणीही त्याला चालते. जपानी मेंदूज्वराशी संबंधित क्युलेक्स विष्णुई गटातले डास भातशेतीचेच. गावच्या तळ्यावर जलपर्णी पसरली असेल तर मॅन्सोनियाला जागा मिळते. त्याची अळी श्वासनळी वनस्पतीच्या मुळात खुपसून तिथूनच हवा घेते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर येतच नाही, त्यामुळे वरून तेल टाकून ती मरत नाही. गटारात, संडासाच्या टाकीत, काळ्या पाण्यात क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस, म्हणजे हत्तीरोगाचा वाहक आणि रात्री कानाशी गुणगुणणारा सर्वांत परिचित डास. फुलदाणी, टायर, फ्रिजमागचा ट्रे आणि घरातले पिंप या जागा एडिस इजिप्तीच्या. तो दिवसा चावतो आणि डेंग्यू व चिकुनगुन्या देतो. या सगळ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो आणि सगळ्यांवर एकच धूर सोडतो. धुराची गाडी गल्लीतून गेली की काहीतरी झाल्याचे समाधान मिळते, मात्र टाकीतल्या अळीपर्यंत तो धूर पोहोचत नाही.

आता प्रत्यक्ष वर्गीकरणाकडे. डासांचे कूळ क्युलिसिडी. त्याची दोन उपकुळे: क्युलिसिनी, ज्यात क्युलेक्स, एडिस, मॅन्सोनिया वगैरे येतात, आणि अनॉफिलिनी. अनॉफिलीस हे प्रजातिनाव जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेन यांनी १८१८ साली दिले, तेव्हा या डासांचा हिवतापाशी काही संबंध असेल अशी कुणाला कल्पनाही नव्हती. भारतात अनॉफिलीसच्या सुमारे ५८ जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या मोजक्याच हिवतापाच्या मुख्य वाहक मानल्या जातात: सपाटीवरच्या ग्रामीण भागात क्युलिसिफॅसिस, डोंगरउतारांच्या झऱ्या-ओढ्यांत फ्लुविएटिलिस, ईशान्येच्या जंगलपट्ट्यात मिनिमस आणि बायमाय, अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यावर सुंडाइकस आणि शहरांत स्टीफेन्सी. स्टीफेन्सी अनॉफिलीसच्या सेलिया या उपप्रजातीत आणि तिच्यातल्या निओसेलिया मालिकेत बसतो.

अनॉफिलीस ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. भिंतीवर बसलेला डास डोके खाली, शेपूट वर अशा तिरक्या रेषेत दिसला तर तो अनॉफिलीस, आणि भिंतीला समांतर, कुबड काढून बसला तर क्युलेक्स किंवा एडिस. अळी त्याहून सोपी. क्युलेक्स आणि एडिसच्या अळ्यांना श्वासनळी असते, त्यामुळे त्या पाण्यात उलट्या लोंबकळतात. अनॉफिलीसच्या अळीला ती नळीच नाही, म्हणून ती पृष्ठभागाखाली आडवी पडून राहते. लांब दांड्याची पांढरी वाटी टाकीत बुडवून वर काढली की कोणतीही शाळकरी मुलगी हा फरक सांगू शकते. अंडीही वेगळी. क्युलेक्स त्यांचा तराफा करून सोडतो, एडिस पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. अनॉफिलीसची अंडी सुटी, होडीच्या आकाराची आणि दोन्ही अंगांना हवेच्या पिशव्या असलेली. या पिशव्या लक्षात ठेवाव्यात, पुढे त्यांच्यावर बरेच काही अवलंबून आहे.

अनॉफिलीसपासून स्टीफेन्सीपर्यंत जायला मात्र भिंग हवे. मादीच्या सोंडेच्या दोन बाजूंच्या स्पर्शिकांवर तीन फिकट पट्टे असतात. त्यांतले टोकाकडचे दोन रुंद, आणि मधल्या काळ्या भागावर पांढरे शिंतोडे. पायांवरही तसेच शिंतोडे. पंखांच्या पुढच्या कडेला काळे-पांढरे तुकडे. पाठीवर रुंद पांढरे खवले. सबपिक्टसचे पाय शिंतोड्यांवाचून असतात, आणि आपल्या भागात या दोघांची गल्लत होण्याची शक्यता सर्वांत जास्त. ही गल्लत किरकोळ नाही. एक डास बहुतांशी शेताच्या आणि डबक्याच्या पाण्यातला, दुसरा टाकीतला. चुकीचे नाव लिहिले गेले तर फवारणीचा माणूस चुकीच्या दिशेला चालू लागतो.

या जातीला नाव महाराष्ट्राच्या मातीतच मिळाले, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा सांगितली जात नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी एका ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीची वाढ होताना पाहिली. तो डास कोणता हे त्यांना नेमके सांगता आले नाही, कारण भारतातल्या अनॉफिलीसांची नीट नावे त्या वेळी ठरलेलीच नव्हती. वर्णनावरून तो स्टीफेन्सी असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या शोधाने जगाची हिवतापाविषयीची समजूत पालटली, त्या शोधातला डास तेव्हा बहुधा बिननावाचा होता.

नाव चार वर्षांनी मिळाले. विल्यम ग्लेन लिस्टन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला, नेमणुकीवर होते. तिथल्या अनॉफिलीसांच्या सवयींचा वर्षभराचा अनुभव त्यांनी १९०१ साली इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये लिहिला. या लेखनात त्यांनी ज्या नव्या जातीचे वर्णन केले, तिला हिवतापाचे अभ्यासक जॉन विल्यम वॉटसन स्टीफेन्स यांचे नाव दिले. म्हणून जगातल्या कोणत्याही यादीत आज ‘अनॉफिलीस स्टीफेन्सी लिस्टन, १९०१’ असे लिहितात आणि मूलस्थान म्हणून एलिचपूर नोंदवतात. वर्गीकरणाच्या शास्त्रात मूलस्थानाला मोठे वजन असते. एखाद्या जातीबद्दल कधीही वाद उपस्थित झाला, तर मूळ वर्णन जिथल्या नमुन्यांवरून झाले तिथल्या डासाशी ताडून पाहावे लागते. आज इथिओपियात किंवा केनियात एखाद्या संशोधकाने हा डास पकडला, तर नाव लिहिताना तो नकळत सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावाशी जोडला जातो. मला ही गोष्ट अभिमानापेक्षा जबाबदारीची वाटते.

लिस्टन यांचे वर्णन वाचण्यासारखे आहे ते त्यांच्या पद्धतीसाठी. डास कुठे बसतो, कोणत्या पाण्यात अंडी घालतो, कोणत्या ऋतूत वाढतो, हे त्यांनी एकाच ठिकाणी राहून, ऋतू पालटताना पाहून लिहिले. पुढे ते मुंबईत परळच्या जीवाणुशास्त्र प्रयोगशाळेत आले. तीच आजची हाफकिन संस्था. प्लेग आणि उंदरावरच्या पिसवा यांचा संबंध उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्याच काळात मुंबई बंदरातल्या हिवतापाच्या साथीवरही त्यांनी लिहिले. तेव्हा अलेक्झांड्रा डॉकचे काम चालू होते. हजारो मजूर, खणलेले खड्डे, साठवलेले पाणी असे ते दृश्य होते. उलव्याच्या वाचकाने इथे थांबून विचार करावा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, खाडीच्या पलीकडच्या काठावर, एका मोठ्या बांधकामाने आणि त्याच्या पाण्याने घडवलेली साथ हा स्टीफेन्सीच्या मुंबईतल्या इतिहासाचा पहिला ठळक अध्याय आहे.

१९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला आणि बोट ठेवले ते विहिरींवर. पाणथळ जागा, दलदल, खाडी यांच्याकडे पाहणाऱ्यांना त्यांनी दाखवले की शहराच्या भरवस्तीतल्या, घराच्या चौकातल्या आणि वाडीतल्या विहिरींत स्टीफेन्सी पोसला जातो. विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका, ही शिफारस लोकांना रुचली नाही. विहिरीशी पूजा, अग्यारीचे विधी, घरची परंपरा जोडलेली होती. विरोध झाला, वाटाघाटी झाल्या, झाकणांना जाळ्या आणि दारे ठेवण्याच्या तडजोडी निघाल्या. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी पुन्हा मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला. तोवर विहिरींच्या जोडीला गच्चीवरच्या टाक्या आणि घरोघरचे हौद आले होते. डास तोच, वागणूकही तीच, पाण्याचे भांडे तेवढे बदललेले. आज मुंबईत टाकीला डासरोधक झाकण आणि टाकीपर्यंत जाणारी मजबूत शिडी सक्तीची आहे, त्या सक्तीची मुळे या जुन्या झगड्यात आहेत. नवी शहरे वसवताना तो अनुभव हाताशी होता. तो किती वापरला गेला, हे कोणत्याही नव्या वसाहतीतल्या दहा गच्च्यांवर चढून पाहिले की कळते.

स्वातंत्र्यानंतरच्या कहाणीत मी फार वेळ घालवत नाही, ती अनेकांनी लिहिली आहे. मुंबई इलाख्यात डी. के. विश्वनाथन यांच्या पुढाकाराने डीडीटीची फवारणी झाली, १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखाच्या आसपास उतरले आणि १९७६ मध्ये पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. या घसरगुंडीत स्टीफेन्सीचा वाटा असा, की निर्मूलनाचा सगळा भर खेड्यातल्या घरांच्या भिंतींवर डीडीटी मारण्यावर होता आणि शहरातल्या टाक्या त्या आराखड्यात जवळजवळ नव्हत्याच. १९७१ मध्ये नागरी हिवताप योजना सुरू करावी लागली ती त्यामुळे. भारतातल्या अनॉफिलीसांवरचा जो ग्रंथ आजही टेबलावर लागतो, तो टी. रामचंद्र राव यांचा. विश्वनाथन यांच्याबरोबर काम केलेल्या आणि पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झालेल्या या माणसाने आयुष्यभर पाण्याच्या काठाशी बसून जे पाहिले, ते त्यात आहे. त्याआधीचा आधार म्हणजे क्रिस्टोफर्स यांनी १९३३ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत लिहिलेला अनॉफिलीसांवरचा खंड.

आता त्या अंड्यांच्या पिशव्यांकडे येऊ. १९३७ साली म्हैसूर संस्थानात काम करताना स्वीट आणि राव (हे रामचंद्र राव नव्हेत) यांच्या लक्षात आले की स्टीफेन्सीची सगळी अंडी सारखी नाहीत. हवेच्या पिशवीवर आडव्या उंचवट्यांच्या रेघा असतात. काही माद्यांच्या अंड्यांवर त्या जास्त, काहींच्या अंड्यांवर कमी. जास्त रेघांच्या रूपाला त्यांनी मूळ रूप म्हटले आणि कमी रेघांच्या रूपाला मायसोरेन्सिस. १९८७ मध्ये सरला सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी या दोहोंमधले तिसरे रूप दाखवून दिले. मूळ रूपाच्या अंड्यावर साधारण १४ ते २२ रेघा, मधल्या रूपावर १२ ते १७, मायसोरेन्सिसवर ९ ते १५. आकडे एकमेकांत घुसतात हे वाचकाला दिसेलच. म्हणून एका अंड्यावरून निकाल देता येत नाही, एका मादीची बरीच अंडी मोजून त्यांचा कल पाहावा लागतो.

ही तीन रूपे म्हणजे तीन वेगळ्या जाती आहेत का, यावर मतभेद आहेत. काहींनी जनुकांतल्या फरकांच्या आधारे तसे सुचवले, इतरांना तो पुरावा अपुरा वाटतो, आणि आजतरी ग्रंथांत ही एकच जात आहे. माझ्या मते घाईने जाती फोडण्यात लाभ नाही, पण रूपे नोंदवायला आळस करण्यात मोठा तोटा आहे. मूळ रूप शहरातले आणि हिवतापाचे समर्थ वाहक. मायसोरेन्सिस मुख्यतः ग्रामीण, गुराढोरांच्या रक्तावर जगणारे आणि आपल्याकडे वाहक म्हणून दुबळे. मधले रूप शहराच्या वेशीवरच्या वस्त्यांत सापडते. उलवे ही तशीच वेस आहे. एका बाजूला गव्हाण, वहाळ, न्हावा ही जुनी आगरी-कोळी गावे, त्यांचे गोठे आणि तळी. दुसऱ्या बाजूला सिडकोने आखलेले सेक्टर आणि चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावे उठली त्यांत मूळ उलवे गावही होते. टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, खाचरांवर भराव पडला. ज्या जमिनीवर खेड्याचे पाणी होते तिथे एका पिढीच्या आत शहराचे पाणी आले. अशा जागी तिन्ही रूपांपैकी कोणते वरचढ ठरते, हा प्रश्न वर्गीकरणाच्या अभ्यासकाइतकाच तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या कामाचा आहे.

प्रसाराचा भाग या पुस्तकातला सर्वांत चिंतेचा भाग आहे. स्टीफेन्सीचे मूळ क्षेत्र पश्चिमेला अरबस्तान, इराक, इराणपासून पाकिस्तान आणि भारत ओलांडून पूर्वेला म्यानमार, थायलंड, दक्षिण चीनपर्यंत. भारतातही तो हळूहळू सरकत राहिला. २००१ च्या सुमारास लक्षद्वीपच्या बेटांवरून त्याची नोंद झाली. श्रीलंकेला २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त जाहीर केले आणि पाठोपाठ मन्नारमध्ये, विहिरींच्या पाण्यात, हा डास तिथे पहिल्यांदाच आढळला. सर्वांत मोठी उडी मात्र २०१२ ची. आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबुती या बंदराच्या शहरात तो सापडला. याच नावाचा हा छोटा देश तेव्हा हिवताप संपवण्याच्या उंबरठ्यावर होता. त्या वर्षी तिथे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ती संख्या ७३ हजारांच्या वर गेली. २०१६ मध्ये इथिओपिया आणि सुदान, २०१९ मध्ये सोमालिया, मग नायजेरिया, घाना, केनिया अशा नोंदी होत गेल्या. इथिओपियातल्या डासांचे जनुकीय साम्य पाकिस्तानातल्या नमुन्यांशी सर्वांत जवळचे निघाले. २०२२ मध्ये इथिओपियातल्या दिरे दावा शहरात कोरड्या ऋतूत मोठी साथ आली. हिवताप म्हणजे पावसाळा आणि खेडे, या आफ्रिकेतल्या जुन्या हिशेबात ती कुठेच बसत नव्हती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेला या एका जातीविरुद्ध स्वतंत्र मोहीम जाहीर करावी लागली.

आफ्रिकेत भीती कशाची, हे समजून घेतले पाहिजे. तिथला जुना वाहक गॅम्बिए पावसाच्या उघड्या डबक्यांत वाढतो आणि दाट वस्तीच्या शहरांत त्याचा जोर कमी होतो. स्टीफेन्सी नेमका शहरात, नेमका साठवलेल्या पाण्यात, आणि पाऊस नसतानाही वाढतो. शिवाय फाल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स हे दोन्ही परजीवी तो वाहतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, हा डास पसरत गेला तर आफ्रिकेतल्या शहरांमधले १२ कोटी ६० लाख लोक नव्याने धोक्यात येतील, असा अंदाज बांधला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हाच डास प्रयोगशाळेतला मदतनीसही आहे. पिंजऱ्यात तो सहज वाढतो, म्हणून हिवतापाच्या लशींच्या चाचण्यांत स्वयंसेवकांना संसर्ग देण्यासाठी याच जातीच्या माद्या अनेकदा वापरतात. अनॉफिलीसमध्ये भरवशाचा जनुकबदल पहिल्यांदा साधला तो २००० साली, याच जातीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-ट्वेंटीवन लशीला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. अचलपूरला नाव मिळालेल्या डासाच्या आजारावरची लस पुण्यात तयार होते आणि आफ्रिकेतल्या मुलांना दिली जाते, हा योग मराठी वाचकाने मनात ठेवावा असा आहे.

जिबुतीचे उदाहरण उलव्यासाठी दूरचे नाही. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ पासून चालू आहे आणि ते उलव्याच्या शेजारी आहे. खारकोपरपर्यंत लोकल २०१८ मध्ये आली, जानेवारी २०२४ मध्ये ती उरणला पोहोचली आणि त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तिथून प्रवासी विमाने उडू लागली. समुद्र, आकाश आणि रस्ता या तिन्ही वाटा इतक्या जवळ एकत्र येणारी जागा देशात क्वचितच असेल. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार विमानतळ आणि बंदरांवर प्रवासी, वाहने आणि माल हाताळण्याच्या जागांपासून किमान ४०० मीटरपर्यंतचा परिसर रोगवाहक कीटकांपासून मुक्त ठेवायचा असतो. बाहेरून येणारा डास रोखायचा, तसा इथला बाहेर जाणारही नाही हे पाहायचे. कुंपणाच्या आतली टाकी स्वच्छ ठेवून बाहेरच्या अर्धवट इमारतीतले तळघर पाण्याने भरलेले राहिले, तर तो नियम कागदावरच राहील.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हिवताप वाढला की बोट बांधकाम मजुरांकडे जाते: ते बाहेरून येतात, ताप घेऊन येतात. परजीवी माणसाच्या रक्तातून प्रवास करतो हे खरे. पण झारखंड, ओडिशा किंवा मेळघाटातून आलेल्या मजुराच्या रक्तातला परजीवी दुसऱ्यापर्यंत पोहोचतो तो डासामार्फत, आणि तो डास वाढतो कंत्राटदाराच्या उघड्या हौदात. पहिला बळीही बहुधा तोच मजूर असतो, कारण साइटवर जाळी नाही, दार नाही आणि अंगावर रोजंदारी बुडण्याची भीती. गोव्यात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत बांधकामांच्या जोडीने हिवताप उसळला, तेव्हा वाहक म्हणून स्टीफेन्सीच पुढे आला. त्या राज्याने पुढे मजुरांच्या रक्ततपासणीची आणि आरोग्यकार्डाची पद्धत बसवली. तपासणी हवीच, तीही सन्मानाने आणि रोजंदारी न कापता. मात्र तिच्या आधी हौदावर झाकण हवे.

झाकण, गप्पी मासे, आठवड्यातून एक कोरडा दिवस हे उपाय जुने वाटतात, तरी ते या जातीच्या चरित्राला धरून आहेत. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत या डासाला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यात एकदा पाणी पूर्ण उपसले, तर ती साखळी तुटते. टाकी उपसता येत नसेल तर झाकण, विहीर किंवा तळे असेल तर गप्पी, बांधकामावरच्या पाण्यात अळीनाशक. कोणते पाणी आणि कोणता उपाय ही जोडी जातीवरून ठरते, म्हणून पुढच्या प्रकरणांत वर्गीकरण आणि उपाय वेगळे काढलेले नाहीत. ओळख पटवण्याची किल्ली पुस्तकाच्या मध्यावर आहे. तिच्यातली लक्षणे दहापट भिंगाखाली दिसतील अशीच निवडली आहेत, म्हणजे महाविद्यालयातला विद्यार्थी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला कर्मचारी ती वापरू शकेल.

अंड्यांचे प्रकरण शेवटी ठेवले आहे, कारण त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी दोन्ही लागतात. पद्धत अशी: संध्याकाळनंतर गोठ्यातून आणि घरातून विसावलेल्या माद्या चोषनळीने पकडायच्या, जात पक्की करायची, रक्त पिऊन फुगलेली प्रत्येक मादी वेगळ्या नळीत ओल्या टीपकागदावर ठेवायची. दोन-तीन दिवसांत ती अंडी घालते. प्रत्येक मादीची निदान दहा अंडी घेऊन पिशवीवरच्या रेघा मोजायच्या आणि मादी कुठे सापडली ते त्यासोबत लिहायचे: गव्हाणचा गोठा, वहाळचे घर, सेक्टरमधली पंपाची खोली, विमानतळाच्या कुंपणालगतची मजूरवस्ती. पनवेल आणि उरणच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांना हे काम जून ते नोव्हेंबर या काळात सहज हाती घेता येईल, आणि नमुन्यांच्या टाचणीवर लावायची चिठ्ठी कशी लिहायची ते परिशिष्टात दिले आहे.